भादव्याच्या आत

वरवंडला पुणे-सोलापूर महामार्ग सोडून शिवारातल्या कुठल्याही रस्त्याला लागा, वस्तीवरचं घर दिसायच्या आधी वस्तीवरचं कुत्रं सामोरं येतं. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, त्यात बुडालेली घरं, गोठ्यात दोन-चार गाया आणि वीज येईल त्या वेळेला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघणारा माणूस. अशा घराला कुत्रं हौसेखातर लागत नाही. पिल्लू आणताना बहुतेकांना कुत्रा हवा असतो, कुत्री नको असते. तरी कुत्र्या येतातच. कुणी रस्त्याकडेला सोडलेली असते, कुणी शाळेतून येताना पोरांनी उचलून आणलेली. वर्ष व्हायच्या आत घरात विषय निघतो: हिचं ऑपरेशन करून टाकायचं का?

विचारायला जावं तर दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, सहा महिन्यांच्या आत उरकून टाका, कॅन्सर टळतो. दुसरा म्हणतो, घाई करू नका, हाडं कमजोर होतात, लघवी गळते. दोघांच्या मागे अभ्यास आहेत आणि दोघंही खोटं बोलत नाहीत. पण हे अभ्यास बहुतेक अमेरिका, ब्रिटन, स्वीडनमधल्या कुत्र्यांवर झालेले आहेत. ती कुत्री बंद दाराआड राहतात, दोरीशिवाय बाहेर पडत नाहीत, आजारी पडली की त्याच दिवशी दवाखान्यात जातात. दौंड-शिरूर पट्ट्यातली कुत्री तशी जगत नाही. म्हणून हा सगळा पुरावा इथल्या शिवारात आणून पुन्हा मांडावा लागतो. तसा मांडला की एक गोष्ट ठळक होते: कुत्रीची जात कोणती, यापेक्षा ती रात्री कुठे असते यावर उत्तर जास्त अवलंबून आहे.

माज, भादवा आणि ऊसतोड

कुत्री पहिल्यांदा माजावर येते ती साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान. मोठ्या अंगाच्या जातींत दीड वर्षही लागतं. पुढे सुमारे सहा-सात महिन्यांनी पाळी येत राहते. आधी नऊएक दिवस रक्तस्राव असतो, त्या काळात ती नराला जवळ येऊ देत नाही. मग तितकेच दिवस ती नर घेते. गाभण राहिली तर त्रेसष्ट दिवसांच्या आसपास विते.

मोकळ्या कुत्र्यांचा हंगाम मात्र ठरलेला, आणि भादव्यातल्या कुत्र्यांचा दाखला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. जयपूरमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली, तिथेही गाभण कुत्र्या मुख्यतः सप्टेंबर ते डिसेंबर या काळात दिसल्या. भादव्यात लागलेली कुत्री विते कार्तिक-मार्गशीर्षात. नेमके तेव्हा कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात आणि कोयते उसात शिरलेले असतात. कुत्री आडोसा म्हणून उसाच्या सरीत विते आणि आठ-दहा दिवसांत तो फड तुटायला येतो. डोळे न उघडलेली पिल्लं बांधावर उघडी पडतात. त्यातली किती जगतात, याचा अंदाज कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांच्या २०१६ सालच्या अभ्यासातून येतो: रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी सुमारे १९ टक्केच वयात येईपर्यंत जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंना कुठल्या ना कुठल्या प्रकारे माणूस कारण होता. जयपुरात एका वेताला सरासरी साडेपाच पिल्लं मोजली गेली. हे दोन आकडे वेगवेगळ्या शहरांतले असले तरी शेजारी ठेवून पाहिले तर हिशेब निघतो की एका वेतातून जेमतेम एक जगतं. एका जोडीपासून सहा वर्षांत सदुसष्ट हजार कुत्री होतात, असं एक गणित नसबंदीच्या प्रचारात फिरत असतं. ते या हिशेबापुढे टिकत नाही. ऑपरेशनच्या बाजूनं बोलायला त्याची गरजही नाही. चार-साडेचार पिल्लं दरवर्षी आपल्याच बांधावर मरतात, हे कारण पुरेसं आहे.

या पट्ट्यात आणखी एक बाब आहे, ती परदेशातल्या पुस्तकात सापडणार नाही. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्याच्या खाद्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळी, गाय, डुक्कर सगळे त्याच्या मागे. अकोल्यासारखाच शिरूर-दौंडचाही ऊस, आणि बिबट्याही तसाच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड भागात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा हा प्रश्न राज्यभर गाजला. माजावर आलेल्या कुत्रीमागे आठ-दहा नर वस्तीवर जमतात, रात्रभर भांडतात. असा घोळका बिबट्याच्या लक्षात न येण्याचं काही कारण नाही. आणि उसात वेलेली कुत्री तर त्याच्या वाटेवरच बसलेली असते.

ऑपरेशननं काय टळतं

पहिलं आणि सर्वांत पक्कं उत्तर: पिशवीत पू होणं, म्हणजे पायोमेट्रा. माज सरून चार ते आठ आठवड्यांनी हा आजार डोकं वर काढतो. कुत्री खाणं सोडते, पाणी मात्र बादलीनं पिते, सारखी लघवी करते, पोट ताठ दिसतं. कधी मागून दुर्गंधी येणारा पू वाहतो. तोंड बंद असलेली पिशवी बाहेर काहीच दाखवत नाही आणि आतल्या आत विष भिनतं. स्वीडनमध्ये कुत्र्यांची नसबंदी सरसकट करण्याची रीत नाही, शिवाय बहुतेक कुत्र्यांचा विमा असतो, त्यामुळे तिथले आकडे विश्वासाचे. दहा वर्षांची होईपर्यंत तिथल्या साधारण पाचपैकी एका कुत्रीला पायोमेट्रा झाला. स्टॉकहोममध्ये अशा कुत्रीवर रात्रीतून शस्त्रक्रिया होते. वस्तीवर कुणी ‘कुत्री दोन दिवस झाले खात नाही’ म्हणेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. पिशवीच काढलेली असेल तर हा आजार होत नाही.

दुसरं, स्तनाच्या गाठी. इथे पुरावा सांगतात तितका भक्कम नाही. १९६९ मध्ये श्नायडर, डॉर्न आणि टेलर यांनी अमेरिकेत मांडलेले आकडे आजही पाठ म्हणून सांगितले जातात: पहिल्या माजाआधी ऑपरेशन केलं तर धोका ऑपरेशन न केलेल्या कुत्रीच्या अर्ध्या टक्क्यावर येतो, पहिल्या माजानंतर केलं तर आठ टक्क्यांवर, दुसऱ्यानंतर सव्वीस टक्क्यांवर. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी तोवरचे सगळे अभ्यास तपासले आणि पुरावा कमकुवत असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे फायदा नाही असं नव्हे; पण केवळ या आकड्यासाठी पाच महिन्यांच्या पिल्लाला टेबलावर घ्यावं इतका तो पक्का नाही.

तिसरी गोष्ट परदेशी चर्चेत फारशी येत नाही, आपल्याकडे मात्र रोजची आहे: समागमातून पसरणारी गाठ. मागच्या भागातून थेंब-थेंब रक्त, मग फुलकोबीसारखं लालभडक मांस बाहेर आलेलं, अशा कुत्र्या प्रत्येक गावात दिसतात. दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन देत गेलं तर चार-सहा आठवड्यांत ती बहुधा बरी होते, पण मोकळी फिरणारी कुत्री पुढच्या भादव्यात पुन्हा तोच आजार घेऊन येऊ शकते. खोटी गाभण, विताना अडणं, दर वेताला खंगत जाणं हे सगळं याच यादीत येतं.

आयुष्य वाढतं का? २०१३ मध्ये अमेरिकेत चाळीस हजारांवर कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात ऑपरेशन झालेल्या माद्या सव्वीस टक्के जास्त जगल्याचं आढळलं. जो मालक ऑपरेशन करतो तो लसही देतो, दवाखान्यातही नेतो, तेव्हा सगळं श्रेय ऑपरेशनचं नाही. तरी कल स्पष्ट आहे.

काय मागे लागतं

मोठ्या जातींचे मालक ज्या भीतीनं थांबतात, ती खरी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत बेंजामिन आणि लिनेट हार्ट यांनी २०१३ पासून जातवार नोंदी मांडल्या. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड या जातींत वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांना सांध्यांचे आजार जास्त झाले. गोल्डन रिट्रीव्हरच्या माद्यांत काही कॅन्सरही वाढलेले दिसले. हाडांची वाढ कधी थांबवायची, हा निरोप बीजकोशांतल्या संप्रेरकांकडून जातो. ते लवकर काढले की पायांची हाडं जरा जास्त लांबतात आणि सांध्यांचा मेळ बिघडतो.

पण त्याच गटानं २०२० मध्ये मिश्र जातींवर केलेल्या अभ्यासात वीस किलोच्या खालच्या कुत्र्यांत असा फरक दिसला नाही. आपली गावठी कुत्री साधारण बारा ते अठरा किलोत बसते. या अभ्यासांच्या जातवार याद्यांत कारवान नाही, पश्मी नाही, गावठी तर नाहीच. तेव्हा वजन हेच आपल्या हातातलं सर्वांत जवळचं माप आहे.

दुसरा तोटा लघवीचा. झोपेत नकळत अंथरूण ओलं होणं, बहुधा ऑपरेशननंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी. मोठ्या अंगाच्या आणि फार लहान वयात ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांत ते जास्त दिसतं; बहुतेकींना गोळ्यांनी आवर बसतो. फ्लॅटमधल्या गादीवर ही मोठी अडचण आहे. ओट्यावर झोपणाऱ्या कुत्रीच्या बाबतीत ती लक्षातही येणार नाही, मात्र ओल्या जागी माशा बसतात, हे विसरू नये.

तिसरा तोटा चरबीचा. संप्रेरकं गेली की भूक वाढते आणि शक्तीचा खर्च कमी होतो. खाणं पाव हिश्शानं कमी केलं तर वजन जागेवर राहतं. ‘ऑपरेशन केलं की कुत्री भुंकत नाही, राखण सोडते’ ही वस्तीवरची सर्वांत मोठी तक्रार बहुतेक वेळा या चरबीतून आलेली असते. हद्द राखणं, परक्यावर भुंकणं हे माजावर चालत नाही. उलट माजावरची कुत्री आठ-पंधरा दिवस वस्ती सोडून हिंडते, तेव्हा राखण कोण करतं?

आणि चौथा, थेट ऑपरेशनचा धोका. त्यासाठी टेबलाजवळ उभं राहून पाहावं लागेल.

टेबलावर

आदल्या रात्रीपासून कुत्री उपाशी हवी. भूल दिल्यावर पोटाची वा उजव्या कुशीची कातडी भादरतात. सरावलेला सर्जन कुशीतून केलेल्या दोन बोटांच्या छेदातूनही पिशवी बाहेर काढतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या मोहिमांत ही पद्धत बरीच वापरतात, कारण टाके लांबूनही दिसतात आणि आचळं भरलेली असली तरी छेद त्यांच्या आड येत नाही. आत खरी कसोटी एकाच जागी असते. बीजकोश मूत्रपिंडामागे एका घट्ट बंधानं बांधलेला असतो. तो बंध ताणून, सैल करून, बीजकोशाच्या रक्तवाहिन्यांना गाठ मारून मगच कापायचं. गाठ निसटली तर रक्त पोटात साचतं. बीजकोशाचा तुकडा आत राहिला तर पैसे खर्चूनही कुत्री पुन्हा माजावर येते.

आपल्याकडे यात एक जास्तीची भानगड आहे, गोचिडांची. गोचीडतापात रक्तातल्या प्लेटलेट घटतात आणि कुत्री वरून ठणठणीत दिसत असली तरी कापल्यावर रक्त थांबत नाही. गोठ्याशेजारी वाढलेल्या कुत्रीच्या अंगावर गोचीड नाही असं होत नाही. म्हणून ऑपरेशनआधी रक्ताची साधी तपासणी हा फालतू खर्च नव्हे. माज चालू असताना पिशवी रक्तानं फुगलेली असते, तेव्हा शक्यतो दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. नंतरचे दहा-बारा दिवस टाके चाटू न देणं, कोरड्या जागी बांधून ठेवणं आणि जखमेवर हळद, राख, तंबाखू काही न भरणं, एवढं मालकाचं काम.

हे काम करायचं कुठे, ही खरी अडचण. गावोगावचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशींसाठी उभे राहिले: कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकूतची लस, अडलेली गाय. कुत्रीच्या पोटाच्या ऑपरेशनसाठी बहुधा दौंड, बारामती किंवा पुण्याच्या बाजूचा डॉक्टर गाठावा लागतो. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण तेही जवळ नाही. जन्मात गाडीत न बसलेली कुत्री मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून साठ किलोमीटर न्यायची आणि भुलीतली कुत्री तशीच आणायची, यातच निम्मे लोक माघार घेतात.

मग इंजेक्शनचा आडमार्ग सुचतो. माज लांबवणारं इंजेक्शन स्वस्त आहे, जाग्यावर मिळतं. पण ते प्रोजेस्टेरॉनच्या घराण्यातलं, आणि पिशवीत पू होणं व स्तनाच्या गाठी या दोन्हींना तेच खतपाणी घालतं. चुकून लागलेली कुत्री ‘धुवायला’ दिलेल्या इस्ट्रोजेनच्या इंजेक्शनानं पायोमेट्रा तर होऊ शकतोच, रक्त तयार करणारी हाडांतली मज्जाही मारली जाऊ शकते. ज्या आजारातून सुटका करण्यासाठी ऑपरेशन करायचं, तोच आजार इथे सुईतून येतो.

आक्षेप

‘एकदा तरी आई होऊ द्यावी’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं, बहुधा आजीकडून. एका वेतानं कुत्री निरोगी राहते, याला आधार नाही. मायेची बाजू खोटी म्हणता येत नाही, पण ती माया पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर कुठे जाणार याचा हिशेब करत नाही. नर पिल्लं नेणारे भेटतात. माद्या पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडल्या जातात, आणि त्या गावाकडून आपल्या वेशीवर येतात.

एक आक्षेप मात्र मानावा लागतो. एखादी कुत्री खरोखर गुणी असते: जनावरांत वावरणारी, पोरांना न चावणारी, रात्री चोख. तिचं एक पिल्लू ठेवावं असं वाटणं हा जुना आणि शहाणा विचार आहे. धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी अशाच निवडीतून आपली कुत्री घडवली. पण निवड म्हणजे नर आपण ठरवणं आणि बाकी पिल्लांना घरं आधी शोधणं. ते जमणार असेल तर एक वेत घ्यावं, मग ऑपरेशन करावं. ‘होऊन गेलं’ ही निवड नव्हे.

आणखी एक आक्षेप परदेशाच्या दाखल्याचा: नॉर्वेत सबळ कारणाशिवाय प्राण्याचं अंग कापायला कायदाच आडकाठी करतो, आणि तिथे कुत्र्यांचा सुळसुळाट नाही. कारण तिथे मोकळी कुत्रीच नाही. दाराची कडी जे काम करते ते ऑपरेशननं करायची गरज उरत नाही. आपल्याकडे कडी नाही.

गावाचा हिशेब

२०१९ च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात पावणेतेरा लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांना मारून संख्या घटवायचा प्रयोग नवा नाही. १८३२ मध्ये मुंबईत कुत्री मारायच्या सरकारी हुकमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली होती. मुंबई महापालिकेनं १९९४ नंतर मारणं थांबवून नसबंदी धरली. काम कुठे झालं याचे दाखले आहेत. जयपुरात १९९४ ते २००२ या काळात मोहिमेच्या भागातल्या ६५ टक्के माद्यांची नसबंदी आणि लसीकरण झालं, कुत्री २८ टक्क्यांनी घटली, पुढे चावेही कमी झाले. पिल्लं राखणारी कुत्री चावते, पिल्लंच नसतील तर तिला चावायचं कारण उरत नाही. भूताननं २००९ पासून काम करून २०२३ मध्ये सगळ्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. पण नसबंदीनं रेबीज जात नाही, तो लशीनं जातो. गोव्यात घरोघर आणि गल्लोगल्ली फिरून लस टोचली, तेव्हा २०२१ मध्ये ते राज्य रेबीजनियंत्रित जाहीर झालं. ऑपरेशनच्या दिवशी लस टोचली नाही तर अर्धं काम राहिलं.

१० मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेची आणि पाळलेल्याची मालकाची. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ रोजी हाच पाया कायम ठेवला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. वस्तीवरची कुत्री या दोन खान्यांच्या मधोमध पडते. भाकरी घरची, गळ्यात पट्टा नाही, आणि चावली की ‘आमची नाही’. ग्रामपंचायतीनं मान्यताप्राप्त संस्थेला बोलावून दोन-तीन गावांत मिळून शिबिर घेतलं तर साठ किलोमीटरची अडचणही सुटते आणि हा मधला खानाही भरून निघतो.

मग करावं काय

वस्तीवर मोकळी फिरणारी गावठी कुत्री असेल तर ऑपरेशन करावं. तिच्या बाबतीत तोट्याची बाजू फार हलकी आहे. वेळही पंचांगानंच ठरवून दिली आहे. मार्गशीर्षात जन्मलेलं पिल्लू ज्येष्ठात सहा महिन्यांचं होतं. तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामाला येते ती ज्येष्ठाच्या शेवटाला, आणि तिथून भादव्याला दोन महिने राहतात. पालखीच्या आगेमागे, पावसानं जोर धरायच्या आधी ऑपरेशन आणि लस उरकली तर पहिला माज, पहिलं वेत आणि उसातली पिल्लं तिन्ही टळतात.

कंपाउंडच्या आत राहणारी लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबावं, एक माज जाऊ द्यावा, आणि त्या तीन आठवड्यांत फाटकाला खरंच कुलूप ठेवावं. ते जमणार नसेल तर थांबण्यात अर्थ नाही. म्हातारी, कधीच ऑपरेशन न झालेली कुत्री असेल तर प्रत्येक माजानंतर दोन महिने तिच्या पाण्याच्या भांड्यावर लक्ष ठेवावं. आणि पैसे एकाच कुत्र्यापुरते असतील तर नराआधी मादीचं करावं. दहा नरांतले नऊ आवरले तरी भादव्यात दहावा पुरतो. एका कुत्रीचं केलं की तिची सगळी वेतं थांबतात.